दहा हजार लावणारा माणूस

करंजाड्याच्या रंभाबाईचा कुणावर भरवसा नव्हता, आणि त्याची तिला लाजही नव्हती. गॅसचा सिलिंडर आला की आणणाऱ्याला ती जिन्यातच अडवायची आणि आपल्या मासळीच्या वजनकाट्यावर सिलिंडर चढवायला लावायची. डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या तर एका दुकानात भाव विचारायचा, दुसऱ्या दुकानात गोळी कशावरची ते विचारायचं आणि घ्यायच्या तिसऱ्याच दुकानातून. नवरा होता तोवर तो म्हणायचा, "हिला देव भेटला तरी आदी आधारकार्ड मागंल." तो गेला तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख तिने दोनदा वाचली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, वाचायला वेळ लागायचा, पण वाचायची.

सासर मिठागरवाल्यांचं. मिठागरं गेली, जमिनी गेल्या, आणि त्या बदल्यात सरकारच्या साडेबारा टक्क्यांच्या योजनेत मिळालेल्या प्लॉटवर आता सात मजली इमारत उभी होती. तिच्यात दुसऱ्या मजल्यावर रंभाबाईची दोन खोल्यांची जागा, आणि बँकेत बारा लाखांची एफडी. एवढंच हाताला लागलं. दिरांच्या हाताला जास्त लागलं, पण ते मोटारींत गेलं, हळदींच्या डीजेत गेलं. रंभाबाईचं कुठंच गेलं नाही. प्लॉट आला तरी तिने पनवेलच्या बाजारातली सुक्या मासळीची जागा सोडली नव्हती. चौसष्ट वय, पण आठवड्यातून एकदा पहाटे पुतण्या प्रणितच्या टेम्पोत बसून ती उरणजवळच्या करंजा बंदरावर माल घ्यायला जायची.

तिथली तिची रीत सगळ्या बंदराला ठाऊक होती. सुक्या बोंबलाचा ढीग समोर असला की बाकीच्या बायका वरचा बोंबील उचलून वास घेत. रंभाबाई पदर खोचायची, कोपरापर्यंत हात ढिगात घालायची आणि तळाचा बोंबील ओढून काढायची. वर असतो तो कडक सुकलेला, लख्ख. खाली ओलसर, वाळू लागलेला, मोडका.

"रंभे, ढीग पारशील ना गो माझा!" कोळीण ओरडायची.

"पडूं दे. पडल्यावरच कलतं."

तर अशा बाईकडे तिचा जावई निकेश एका रविवारी दुपारी अर्धा किलो काजूकतली घेऊन आला.

निकेश उरणच्या कंटेनर यार्डातल्या एका ऑफिसात कामाला, राहायला खांदा कॉलनीत. सासूकडे येताना तो अर्धा डझन केळी आणायचा. कधी विसरायचासुद्धा. काजूकतलीचा डबा बघूनच रंभाबाईच्या कपाळावर आठी पडली. दिवाळी नाही, बारसं नाही, प्रमोशन असतं तर रंजिताने फोनवर सांगितलं असतं. तिने डबा उघडला नाही. नुसता उचलून वजन बघितलं आणि टीव्हीवर ठेवून दिला. मुलगी रंजिता आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरली होती, चहा करते म्हणून.

"आई, हे बघा," निकेशने मोबाइल तिच्यापुढे धरला. "मेघदीप पाइप्स. चौऱ्याण्णव साली कुणी ह्या कंपनीत फक्त दहा हजार लावले असते आणि नंतर हात लावला नसता, तर आज किती झाले असते, सांगा."

"तुमीच सांगा."

"एक कोटी सेहेचाळीस लाख."

रंभाबाईने मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला. हिरवी रेघ डावीकडे जमिनीवर झोपली होती आणि उजवीकडे ताडासारखी उठली होती.

"कोन व्हता तो?"

"कोण?"

"दहा हजार लावनारा."

निकेश हसला. "तसं नाही आई. कुणी म्हणजे कुणीही. लावले असते तर."

"असते तर," रंभाबाई म्हणाली. "म्हंजे लावले नाय कुनी."

"लावले असतीलच की! कंपनी चालली म्हणजे लोकांनी लावलेच. ऐका तर. तुमची एफडी पंधरा तारखेला सुटतेय. बँक देते सात टक्के. तेच बारा लाख ह्या एका शेअरमध्ये टाकले आणि असाच स्पीड राहिला, तर तीस वर्षांनी एकशे पंच्याहत्तर कोटी."

"तवा मी चौऱ्यान्नव वर्सांची."

"अहो, तुमच्यासाठी म्हणजे..."

"सोन्याची कवली बसवीन मंग. दोन्ही बाजूंनी."

निकेश मनापासून हसला. रंभाबाई हसली नाही. कारण पंधरा तारीख तिने कुणाला सांगितली नव्हती. पावती कपाटात होती, लुगड्यांच्या खाली, नवऱ्याच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळलेली. ह्याला तारीख कुठून कळली? आत रंजिता तीन कप धुवत होती आणि तीन कपांना लागावा त्याच्या चौपट वेळ नळ चालू होता.

"शेअरचं डिमॅट खातं आपण रंजिताच्या जोडीने उघडू," निकेश म्हणाला. "तुम्हाला काही बघायला नको. फक्त एक सही."

"इचार करते," रंभाबाई म्हणाली.

निघताना रंजिताने आईच्या पायाला हात लावला. तेवढ्यात आईने तिच्या हातातल्या बांगड्या मोजल्या. चार. मंगळसूत्र जागच्या जागी. कानात मात्र सोन्याच्या फुलांऐवजी खोटे मणी.

मग काय, रात्रीचं जेवण जाईना. हा कुठंतरी बुडालाय, असा तिचा हिशोब बसला. शेअरमध्ये घालवले असणार, बायकोची फुलं मोडली असणार, आता सासूची एफडी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती न सांगता खांदा कॉलनीत लेकीच्या दारात. निकेश कामावर गेलेला.

"आये? काय झालं?"

"कानातली फुलं कुठं हायत?"

रंजिताने डबी आणून उघडली. फुलं होती. "कान पिकलाय माझा. सोनं टोचतंय. तू एवढी आलीस ती ह्याच्यासाठी?"

"सुकट आनली व्हती तुना," रंभाबाई म्हणाली आणि पिशवी पुढे केली. सुकट खरंच आणली होती. संशय घेऊन रिकाम्या हाताने जायची तिची पद्धत नव्हती.

पण बाहेर पडताना तिला चैन नव्हती. फुलं आहेत, बांगड्या आहेत. मग काजूकतली कशाची? आणि लेक आज तिच्या डोळ्याला डोळा का देत नव्हती?

संध्याकाळी तिने जावयाला फोन लावला. "जावईबापू, येक अट हाय माजी. त्या पाइपाच्या कंपनीत चौऱ्यान्नवला पैसं घालून आजपावतर ठेवलेला येक मानूस मना दाखवा. जित्ता. त्याच्या तोंडून ऐकते आनि सई करते."

"आई, हा डेटा आहे. डेटाला माणूस कशाला लागतो?"

"मना लागतो."

निकेशने खरोखर शोधलं. ऑफिसात विचारलं, शेअरबाजाराच्या रविवारच्या क्लासात विचारलं, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांना ती हिरवी रेघ माहीत होती. कुणाच्या मामाच्या मित्राने म्हणे ठेवले होते, पण तो मामा फोन उचलेना. तीन दिवसांनी निकेशने एक व्हिडिओ पाठवला. त्यात टाय लावलेला एक तरणा माणूस तेच सांगत होता, फक्त हात जास्त हलवून. "हा चौऱ्यान्नवला पालन्यात व्हता," रंभाबाई म्हणाली आणि फोन उपडा ठेवला.

माणूस शेवटी तिलाच सापडला, तोही तिच्या गिऱ्हाइकांत. उदयसिंहसाहेब टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे कोल्हापूरकडचे, पण नोकरीत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून बोंबलाच्या नादी लागलेले. बोंबील निवडताना त्यांचा एक डोळा मोबाइलवरच्या बाजारभावांवर असायचा. तिने सहज विचारलं, "साहेब, त्या मेघदीप पाइपवाल्यांचं शेर घेतलेला कोन ठावा हाय का तुमाला? लय वर्सांपूर्वी?"

साहेबांचा हात बोंबलावरच थांबला. त्यांनी मागे वळून बघितलं, जणू पोलीस उभा आहे. "घरी या," ते हळूच म्हणाले. "इथे नको."

आता ह्यात काय लपवायचं? रंभाबाईला वाटलं, हाही त्या हिरव्या रेघवाल्यांतलाच. तरी दुसऱ्या दिवशी गेली. त्यांच्या बायकोने, शोभावहिनींनी दार उघडलं, आणि कशासाठी आलीय ते कळताच त्यांनी तिला हाताला धरून थेट बाल्कनीत नेलं. तिथे एक जुना, एका दाराचा, बंद पडलेला फ्रिज होता. वहिनींनी दार उघडलं. आत कांदे-बटाटे.

"हा बघा. दीड कोटीचा आहे. नीट बघून घ्या, असा फ्रिज अंबानीकडे नसेल."

"शोभा, पुरे," आतून साहेब म्हणाले.

"का पुरे? पाहुणा आला की मी दाखवते. पाहुण्यांना सांगू नका म्हणता, म्हणून तर दाखवते!"

साहेबांनी मग सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज एखाद्याचं आजारपण सांगावं तसा झाला. चौऱ्याण्णव साली त्यांनी शंभर शेअर घेतले होते. दहा हजारांना, मोजून. दोन वर्षांत त्याचे बावीस हजार झाले.

"ऑफिसात सगळे म्हणाले, काढ, पडणार आहे. त्यात एप्रिल महिना, पोरं लहान, घरात गार पाणी नाही. काढले."

"मंग पडला का?"

"पडला तर! महिन्याभरात निम्मा झाला. मी पेढे वाटले, वाचलो म्हणून."

"आनि मंग?"

"मग चढला. मग परत पडला. तुमच्या जावयाच्या मोबाइलवर टाचणीएवढा खड्डा दिसत असेल ना, तो दोन हजार आठचा. एका वर्षात शंभराचे तीस. त्या खड्ड्यात कोण उभं राहतं, रंभाबाई? रेघ उभी राहते. माणूस नाही राहत."

रंभाबाईने साहेबांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा स्वतःला एवढा मूर्ख करून दाखवत नाही. पण तिचा हात अजून वरवरच फिरत होता, हे तिचं तिला कळत होतं.

"साहेब, तवा ही येकच कंपनी घेतली व्हती तुमी?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. वहिनींनी छताकडे.

"काढा," वहिनी म्हणाल्या. "पलंगाखालची पिशवी. मला सांगितलंय विमा आहे म्हणून. मी काय बघितली नाही होय?"

साड्यांच्या दुकानाची पिशवी होती, मोठी. आत जाड कागदाचे, नक्षीच्या किनारीचे शेअर. साहेब वरचा काढून दाखवायला लागले. रंभाबाई म्हणाली, "थांबा." तिने पदर खोचला, पिशवीत हात घातला आणि तळातला कागद ओढून काढला.

अक्षरं इंग्रजी होती. "कशाची कंपनी ही?"

"कोळंबी. खाडीकाठी तळी खणून कोळंबी वाढवणार होते."

"वाढवली?"

"ऑफिससुद्धा नव्हतं त्यांचं. मी गेलो होतो बघायला. तिथे सायकलचं दुकान."

तिने दुसरा ओढला. संगमरवर. तिसरा, अळंबी. चौथा, कसलासा धागा. तेरा कंपन्यांचे कागद निघाले त्या पिशवीतून, सगळे त्या दोन-तीन वर्षांतले. अकरा कंपन्यांचा आज पत्ता नव्हता. दोन रखडत होत्या. चौदावी मेघदीप, आणि तिचा कागद तेवढा पिशवीत नव्हता, कारण तो फ्रिज झाला होता.

"तवा कलत व्हतं का, कनची चांगली निंगंल?"

"कोळंबी चांगली निघेल असं सगळ्यांना वाटत होतं," साहेब म्हणाले. "पाइपात काय आहे, म्हणायचे."

रंभाबाईने आणलेला अर्धा किलो बोंबील वहिनींच्या हाती दिला आणि पैसे घेतले नाहीत. पनवेलच्या बाजारात ही गोष्ट कुणी मानली नसती.

तेरा तारखेला ती खांदा कॉलनीत गेली, निकेश घरी असेल अशा वेळी. पिशवीची आणि फ्रिजची सगळी हकिकत सांगितली. "तुमची रेघ खोटी नाय, जावईबापू. पन ती ढिगाच्या वरची हाय. तलचं कुनी मोबाइलवर दाखवत नाय."

निकेशने वाद घातला नाही, हेच नवल. तो मान हलवत राहिला. "बरोबर आहे तुमचं. एका कंपनीत सगळे टाकू नयेत, क्लासातही हेच सांगतात. मी स्वतः महिन्याला पाच हजार टाकतो, ते वेगवेगळ्या..."

तो थांबला. पण शब्द बाहेर पडला होता.

"तुमचं येगयेगल्या ठिकानी," रंभाबाई सावकाश म्हणाली. "आनि माजं बारा लाख येकात. का?"

निकेशने बायकोकडे बघितलं. तेव्हा रंभाबाईला पहिल्यांदा उमगलं, की दहा दिवस ती चुकीच्या माणसाचा वास घेत होती. तारीख ह्याला कुणी सांगितली? सहा महिन्यांपूर्वी तिला डेंग्यू झाला होता, तेव्हा कपाटातून लुगडी काढून देत होती ती कोण?

"रंजे?"

"त्यांना बोलू नको," रंजिता म्हणाली. "मीच बोलले त्यांना, आईला काहीतरी मोठं दाखवा म्हणून. कुठंपण अडकवा, पण तीस वर्षं हात लावता येनार नाय असं काहीतरी सांगा, आनि माझं नाव जोडा."

"का पन?"

"का? प्रणितच्या टेम्पोला दीड लाख कुनी दिले?"

रंभाबाई उगाच पदर सारखा करायला लागली.

"त्याच्या बायकोने हळदीत दहा बायकांसमोर सांगितलं मना. काकीने दिले, परत नको बोलली. मी तिथं हसले, आये. मना ठाव हाय असं दाखवलं. पोटची मी, आनि मना दुसरीकडून कळतंय. आज दीड दिले, उद्या बारा देशील. मी काय समजायचं?"

"तो पाटंचा उठतो माज्यासाटी. भाडं घेत नाय."

"मग मना सांगायचं ना तसं!"

"सांगितलं असतं तं तू भांडली असतीस."

"भांडले असते. मग?"

सिलिंडरवाला, औषधवाला, करंज्याची कोळीण, सगळ्यांवर संशय घेताना रंभाबाईला एक गोष्ट कधी सुचली नव्हती: आपल्यावरही कुणी तसाच संशय घेत असेल, आणि तो खोटा नसेल. दीड लाख तिने लपवूनच दिले होते. एफडीचं पुढेमागे काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं, हेही खरं. प्रणितचा विचार मनात आला नव्हता असं छातीवर हात ठेवून तिला म्हणता आलं नसतं.

निकेश हळूच उठला, "दूध घेऊन येतो," म्हणाला आणि गेला. घरात दोन पिशव्या दूध होतं.

पंधरा तारखेला सकाळी मायलेकी बँकेत गेल्या. वाटेत रिक्षात दोघी दोन कडांना बसल्या होत्या आणि मधे पर्स ठेवली होती. काउंटरवरच्या बाईंनी पावती पाहिली, संगणकात पाहिलं आणि विचारलं, "रिन्यू करायची ना, मावशी?"

"व्हय. आनि हिचं नाव जोडायचं."

रंजिताने चमकून आईकडे बघितलं.

"जोडू की. मग दोघींपैकी कुणाचीही एक सही चालेल असं ठेवूया. सगळे तसंच ठेवतात, सोपं पडतं."

"नको," रंभाबाई म्हणाली. "दोगींची सई लागंल असं करा. येकीच्या सईनं पैसा निंगता कामा नये."

"म्हणजे तुना वाटतं मी तुझ्या पैशाला हात लावीन?" रंजिता कुजबुजली. कुजबूज तीन काउंटरपर्यंत गेली.

"वाटतं."

"मनापन वाटतं, तू प्रणितला देशील."

"मंग झालं तं. दोगींना वाटतं, तं दोगींची सई."

काउंटरवरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. रोज असं काही बघत असाव्यात, पण जरा समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "मावशी, विचार करा. उद्या दवाखान्यासाठी लागले, आणि दुसरीने सही दिली नाही, भांडण असलं, रागावलेली असली, तर तुमचेच पैसे तुम्हाला निघायचे नाहीत."

रंभाबाईने लेकीकडे बघितलं. कान अजून सुजलेला होता, मण्यांच्या कडेने लाल झालेला. डॉक्टरला दाखवला का हे दहा दिवसांत तिने विचारलं नव्हतं.

"कान दाखवलास?"

"नाय अजून."

"हितून जाव." मग ती काउंटरकडे वळली. "लिवा बाई तसंच. भांडन आमचं व्हनारच. सई मागाया गेल्यावर मिटवाया लागंल."

"प्रणितला द्यायचे झाले तर मना आधी सांगशील?" रंजिताने विचारलं.

"सांगावंच लागंल आता. तुजी सई नको?"

बाईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि दोन जागी खुणा केल्या. रंभाबाईने आपली सही केली, एकेक अक्षर लावून, आणि पेन लेकीकडे दिलं.